हृदयाचा व्हॉल्व्ह बदलायचाय? मग तयारी दातांपासून का सुरू करावी लागते?

टूडी इकोचा रिपोर्ट बघून डॉक्टर सांगतात, "व्हॉल्व्ह बदलावा लागेल." घरी आल्यावर पहिले तीन प्रश्न ठरलेले असतात. खर्च किती येईल? हॉस्पिटल कोणतं? सुट्टी किती दिवस काढायची?

चौथा प्रश्न बहुतेक घरांत मागेच राहतो. ऑपरेशनची तारीख येईपर्यंत पेशंटने आणि घरच्यांनी काय करायचं?

नागपूरच्या सदरमध्ये राहणाऱ्याला वाटू शकतं की, सगळं तर जवळच आहे. लॅब आहेत, औषधांची दुकानं आहेत, मेयो आणि मेडिकल रिक्षाच्या अंतरावर आहेत. मग वेगळी तयारी कसली? पण या ऑपरेशनमध्ये सर्जनच्या हाती असलेले तास चार-पाचच असतात. त्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत जे ठरतं आणि जे तपासलं जातं, त्याचा परिणाम पुढे अनेक वर्षं टिकतो. काही निर्णय तर जन्मभर सोबत राहतात.

ही तयारी नेमकी काय असते, ते समजून घेऊ.

व्हॉल्व्ह बिघडतो म्हणजे काय होतं?

हृदयात चार झडपा असतात. रोजच्या बोलण्यात आपण त्यांना व्हॉल्व्ह म्हणतो. रक्त एकाच दिशेने पुढे जाऊ द्यायचं आणि मागे येऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम. हे काम त्या दिवसाला सुमारे एक लाख वेळा करतात.

झडप दोन प्रकारे बिघडते. एकतर ती आकसते आणि रक्ताला वाट अपुरी पडते. नाहीतर ती नीट बंद होत नाही आणि रक्त मागे गळतं. दोन्हींत हृदयाला जास्त ताकद लावावी लागते. जिना चढताना दम लागणं, पायांवर सूज, छातीत धडधड, चक्कर ही लक्षणं त्यातून येतात.

आपल्याकडे तरुण वयात झडप खराब होण्याचं मोठं कारण म्हणजे ऱ्हुमॅटिक ताप. लहानपणी घसा दुखतो, त्यावर पूर्ण उपचार होत नाहीत. काही मुलांमध्ये त्यानंतर सांधे सुजतात, ताप येतो आणि झडपांना इजा होते. त्रास कळतो तो दहा-वीस वर्षांनी, अनेक बायकांच्या बाबतीत थेट बाळंतपणात. म्हातारपणी मात्र झडपेवर कॅल्शियम साचून ती कडक होणं हे नेहमीचं कारण असतं.

आधी हे विचारा: बदलणं हाच एक मार्ग आहे का?

प्रत्येक खराब झडप बदलावीच लागते असं नाही. आकसलेली मायट्रल झडप काही पेशंटमध्ये फुग्याने, म्हणजे बलूनने, उघडता येते. गळणारी झडप काही वेळा दुरुस्त होते. वय जास्त असेल आणि एओर्टिक झडप कडक झाली असेल, तर मांडीच्या रक्तवाहिनीतून नवी झडप नेऊन बसवता येते. याला टावी म्हणतात. फ्रान्समधल्या रुआँ शहरात डॉ. अलेन क्रिबिए यांनी २००२ मध्ये माणसावर ते पहिल्यांदा केलं.

यातलं आपल्या पेशंटला काय चालेल आणि का, हे डॉक्टरांना सरळ विचारावं. दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञाचं मत घेतलं तर पहिल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही. फक्त त्यात महिने घालवू नयेत. एओर्टिक झडप खूप आकसली असेल आणि लक्षणं सुरू झाली असतील, तर वाट बघणं हाच मोठा धोका असतो.

हृदयाचं ऑपरेशन, मग दातांच्या डॉक्टरकडे का पाठवतात?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पेशंटला पडतो. कारण साधं आहे. किडलेल्या दातांत आणि सुजलेल्या हिरड्यांत जंतू असतात. ते रक्तात उतरतात. निरोगी हृदयात ते सहसा टिकत नाहीत, पण नव्या कृत्रिम झडपेवर चिकटून वाढू शकतात. या संसर्गाला एंडोकार्डायटिस म्हणतात. त्यात कित्येक आठवडे शिरेतून अँटिबायोटिक घ्यावं लागतं, कधीकधी पुन्हा ऑपरेशन करावं लागतं आणि जीवही जाऊ शकतो.

म्हणून दात काढायचे, भरायचे किंवा साफ करायचे ते ऑपरेशनच्या आधी. जखम भरायला वेळ लागतो, त्यामुळे हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये. नागपुरात मेडिकलच्या परिसरात शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे हे कमी खर्चात होतं. दात काढण्याआधी तिथल्या डॉक्टरांना हृदयाचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी दाखवायलाच हवी.

खर्रा : एक सवय, तीन अडचणी

विदर्भात ही गोष्ट वेगळी सांगावी लागते. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा ऑपरेशनच्या वाटेत तीन ठिकाणी आडवा येतो.

एक, तंबाखूतल्या निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब आणि ठोके वाढतात आणि जखम उशिरा भरते.

दोन, हिरड्या आणि दात खराब होतात. त्याचा झडपेशी संबंध वर आलाच आहे.

तिसरी अडचण फार कमी लोकांना माहीत असते. सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा कडक होते आणि तोंड पूर्ण उघडत नाही. भूल देताना श्वासाची नळी तोंडातून घालावी लागते. तोंडच उघडत नसेल, तर भूलतज्ज्ञाला वेगळी तयारी करावी लागते आणि ती आयत्या वेळी करणं धोक्याचं असतं.

घरी एक साधी तपासणी करता येते. स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून समोरच्या दातांच्या मधे जातात का, ते बघा. जात नसतील तर भूलतज्ज्ञाला आधीच सांगा. खर्रा, बिडी, सिगारेट ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी सुटली तर उत्तम. तेवढे दिवस हातात नसतील, तरी आजच सोडावी. घरच्यांसमोर लाजून सवय लपवणारे बरेच असतात. निदान भूलतज्ज्ञापासून तरी ती लपवू नये.

विदर्भात सिकलसेलची तपासणी का महत्त्वाची?

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भात आणि लगतच्या मध्य प्रदेश, छत्तीसगडच्या पट्ट्यात बऱ्याच प्रमाणात आढळतो. यात लाल पेशी ऑक्सिजन कमी पडला की विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्या अडवतात.

झडप बदलताना हृदय काही काळ थांबवतात आणि रक्त हार्ट-लंग मशीनमधून फिरवतात. शरीराचं तापमानही बऱ्याचदा कमी केलं जातं. सिकलसेल असलेल्या पेशंटसाठी ही परिस्थिती नाजूक असते. आधी माहीत असेल तर रक्त बदलणं, तापमान फार न उतरवणं अशी काळजी घेता येते. फक्त वाहक असलेल्यांचं ऑपरेशन सहसा नीट पार पडतं, पण टीमला ते ठाऊक असावं लागतं.

त्यामुळे घरात कोणाला सिकलसेल असेल, किंवा शाळेत, शिबिरात तपासणी होऊन कार्ड मिळालं असेल, तर ते फाइलला लावा. तपासणी झालीच नसेल तर डॉक्टरांना विचारून करून घ्या. साधी रक्ततपासणी असते.

याशिवाय हिमोग्लोबिन, साखर, किडनी, लिव्हर, रक्तगट, कावीळ आणि एचआयव्ही या तपासण्या, ईसीजी आणि छातीचा एक्स-रे होतो. साधारण चाळिशीपुढच्या पेशंटची अँजिओग्राफीही करतात. हृदयाच्या रक्तवाहिनीत ब्लॉक निघाला, तर एकाच ऑपरेशनमध्ये बायपासही उरकता येते.

गोळ्यांची पिशवी सोबत न्या

"बीपीची एक पांढरी गोळी चालू आहे," या उत्तराने डॉक्टरांना काहीच कळत नाही. घरातल्या सगळ्या गोळ्या, काढे, चूर्णं, पावडरी एका पिशवीत भरून दाखवायला न्या.

रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी साधारण पाच दिवस आधी थांबवतात. क्लोपिडोग्रेलही सुमारे पाच दिवस आधी बंद करतात, अ‍ॅस्पिरिन मात्र पुष्कळदा चालूच ठेवतात. डायबेटिसच्या डापाग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्या साधारण तीन दिवस आधी बंद होतात. हे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. कोणती गोळी कधी थांबवायची, हे तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. मनाने बंद केलेली एक गोळी स्ट्रोकपर्यंत नेऊ शकते.

सगळ्यात मोठा निर्णय : धातूची झडप की प्राण्याच्या ऊतीची?

सर्जन विचारतात, "मेटलचा व्हॉल्व्ह टाकायचा की टिश्यूचा?" आणि बरीच घरं म्हणतात, "तुम्हीच ठरवा." सर्जनचा सल्ला महत्त्वाचा आहेच. पण या निवडीसोबत पुढचं आयुष्य पेशंटला काढायचं असतं, त्यामुळे फरक कळायला हवा.

मेकॅनिकल झडप मुख्यतः खास प्रकारच्या कार्बनपासून बनते. ती झिजत नाही, अनेकांना आयुष्यभर पुरते. तिच्यावर रक्ताची गुठळी मात्र होऊ शकते. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि आयएनआर नावाची तपासणी नियमित करावी लागते.

टिश्यू झडप गाय-बैलाच्या हृदयावरच्या आवरणापासून किंवा डुकराच्या झडपेपासून करतात. तिच्यासोबत जन्मभर वॉरफरिन सहसा लागत नाही, पहिले काही महिनेच लागू शकतं. पण ती साधारण दहा ते पंधरा वर्षांत झिजते आणि तरुणांमध्ये त्याहून लवकर. म्हणजे दुसरं ऑपरेशन गृहीत धरावं लागतं.

अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, पन्नाशीच्या आत सहसा मेकॅनिकल, पासष्टीनंतर टिश्यू आणि मधल्या वयात पेशंटशी बोलून ठरवायचं असतं. आपल्याकडे वयाबरोबर आणखी चार गोष्टी मोजाव्या लागतात.

पहिली, आयएनआर कुठे तपासणार? सदरमधल्या पेशंटला लॅब चालत जाण्याच्या अंतरावर सापडेल. पण नागपुरात ऑपरेशनला गडचिरोली, गोंदिया, छिंदवाडा, बालाघाटहूनही लोक येतात. गावापासून लॅब साठ किलोमीटरवर असेल आणि पावसाळ्यात रस्ता बंद होत असेल, तर वीस वर्षं ही तपासणी जमेल का? ही अडचण सर्जनला सांगितल्याशिवाय कळत नाही.

दुसरी, मूल हवं आहे का? वॉरफरिनमुळे गर्भाला इजा होऊ शकते, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात. गोळी बंद केली तर आईच्या झडपेवर गुठळी होण्याची भीती. म्हणून तरुण मुलीची झडप बदलताना हा विषय तिच्याशी, तिच्यासमोर बोलला गेला पाहिजे. घरच्या मोठ्यांनी बाहेरच्या बाहेर ठरवून टाकण्याची ही गोष्ट नाही.

तिसरी, काम काय करता? रक्त पातळ असताना जखम झाली तर रक्त लवकर थांबत नाही. शेतात, लाकूड कापण्याच्या किंवा मशीनच्या कामावर असणाऱ्याने हे सांगायला हवं.

चौथी, श्रद्धा. गाय किंवा डुकराची ऊती शरीरात नको, असं अनेक कुटुंबांना वाटतं. काहींना जीव वाचत असेल तर त्यात गैर वाटत नाही. उत्तर ज्याचं त्याचं, पण संमतीच्या कागदावर सही करण्याआधी झडप कशापासून बनली आहे हे विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

आता थोडी भारतातली गोष्ट. पूर्वी सगळ्या झडपा परदेशातून यायच्या आणि महाग पडायच्या. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या टीमने भारतीय मेकॅनिकल झडप तयार केली. आधीचे नमुने फसले, पण काम थांबलं नाही. डिसेंबर १९९० मध्ये चित्रा व्हॉल्व्ह पहिल्यांदा पेशंटला बसवला गेला. तो आजही वापरात आहे.

"वॉरफरिन म्हणजे उंदराचं औषध ना?"

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी ही माहिती अर्धी खरी आहे. वॉरफरिन १९४८ मध्ये उंदीर मारण्यासाठी बाजारात आलं आणि १९५० च्या दशकात माणसांसाठी औषध म्हणून वापरात आलं. फरक मात्रेचा आहे आणि ती मात्रा बरोबर आहे की नाही, हेच आयएनआर सांगतो.

निरोगी माणसाचा आयएनआर १ च्या आसपास असतो. मेकॅनिकल एओर्टिक झडपेसाठी तो साधारण २ ते ३ आणि मायट्रलसाठी २.५ ते ३.५ ठेवतात. कमी झाला तर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव. तपासणी नको म्हणून नव्या प्रकारच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेता येतील का? मेकॅनिकल झडपेसाठी नाही. डाबिगाट्रान आणि अ‍ॅपिक्साबान या दोन्हींच्या चाचण्या पेशंटना धोका दिसल्यामुळे मधेच थांबवाव्या लागल्या.

पालक, मेथीसारख्या पालेभाज्यांत व्हिटॅमिन के असतं आणि ते या गोळीच्या उलट काम करतं. म्हणून भाजी सोडायची नाही, प्रमाण दर आठवड्याला साधारण सारखं ठेवायचं. नागपुरी संत्र्याचा या गोळीशी फारसा संबंध नाही. अंगदुखीवर दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक मात्र घेऊ नका. या गोळीसोबत त्याने पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

पैसे आणि कागद : उपचारांइतकीच आधी सुरुवात

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत झडप बदलण्याचं ऑपरेशन येतं. पूर्वी वर्षाला कुटुंबामागे दीड लाखांची मर्यादा होती, आता ती पाच लाख आहे आणि रेशन कार्डाच्या रंगाची अट राहिलेली नाही. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान भारतमध्ये पाच लाखांपर्यंतचं संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून मिळतं. मध्य प्रदेशातून आलेल्यांचं आयुष्मान कार्ड योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये इथेही चालतं.

अडचण मंजुरीची असते. ठरवून केलेल्या ऑपरेशनसाठी आधी परवानगी घ्यावी लागते. रेशन कार्डात नाव नसणं किंवा आधारवर स्पेलिंग वेगळं असणं, एवढ्यावरही तारीख पुढे जाऊ शकते. मेडिकलशी जोडलेलं सुपर स्पेशालिटी असो की खासगी हॉस्पिटल, योजनेत असेल तर तिथे आरोग्यमित्र बसतात. अ‍ॅडमिट व्हायच्या आधीच त्यांना कागद दाखवा. योजनेची हेल्पलाइन १५५३८८ आहे. धर्मादाय हॉस्पिटलमध्ये दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात, हेही लक्षात ठेवा.

त्याचबरोबर रक्त किती लागेल आणि रक्तदाते कोण, हे आधी ठरवा. आदल्या रात्री ग्रुपवर "अर्जंट ब्लड" टाकण्याची वेळ येऊ नये.

शेवटचा आठवडा

- ताप, खोकला, जुलाब, लघवीला जळजळ किंवा अंगावर फोड असेल तर लगेच कळवा. तारीख पुढे गेलेली परवडते.
- श्वासाने तीन बॉल वर नेण्याचं छोटं यंत्र मिळतं. त्यात श्वास आत ओढायचा असतो, फुंकायचं नसतं. ते आधीच शिकून घ्या. ऑपरेशननंतर छाती दुखत असताना शिकणं अवघड जातं.
- छातीवरचे केस घरी रेझरने काढू नका. बारीक कापल्यातूनही संसर्ग होतो. हॉस्पिटलमध्ये मशीनने काढतात.
- नेलपॉलिश काढा, मेंदी टाळा. बोटाला लावलेल्या यंत्राचं रीडिंग चुकू शकतं.
- मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, कवळी घरीच उतरवा. बांगडी निघत नसेल तर आधी सांगा.
- उपाशी कधीपासून राहायचं, ते हॉस्पिटल सांगेल. "थोडासा चहा" सुद्धा न विचारता घेऊ नका.

घरही तयार हवं

छातीचं मधलं हाड कापून पुन्हा तारेने जोडलेलं असतं. ते भरायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर पाण्याची बादली उचलायची नाही, गाडी चालवायची नाही. पेशंट वरच्या मजल्यावर राहत असेल तर काही दिवस खाली व्यवस्था करता येते का, ते बघा. रात्री सोबत कोण, आयएनआरला कोण नेणार, गोळ्यांची वही कोण ठेवणार, हे नावानिशी ठरवा.

मेकॅनिकल झडपेचा टिकटिक आवाज शांत खोलीत ऐकू येतो. पहिल्या काही रात्री घाबरायला होतं, मग सवय होते. झडपेचं कार्ड कायम पाकिटात ठेवा. पुढे कधीही दात काढायचा झाला तर आधी अँटिबायोटिक लागतं आणि ऱ्हुमॅटिक आजार असेल तर पेनिसिलिन चालू ठेवावं लागतं. "आता व्हॉल्व्ह नवा आहे, इंजेक्शन कशाला?" असं म्हणून ते बंद करणाऱ्याच्या उरलेल्या झडपा धोक्यात येतात.

तारखेची वाट बघू नका, जर...

आडवं झाल्यावर श्वास घेता येत नसेल, चक्कर येऊन शुद्ध हरपली, छातीत दुखायला लागलं, तोंड वाकडं झालं किंवा हातातली ताकद गेली, तर १०८ ला फोन करा. थंडी वाजून ताप येत राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

पुढच्या भेटीला जाताना एका कागदावर पाच गोष्टी लिहून न्या : दातांची तपासणी झाली का, खर्रा-तंबाखूची सवय किती, सिकलसेलचा रिपोर्ट, चालू गोळ्या आणि गावापासून आयएनआर लॅबचं अंतर. कोणती झडप बसवायची, हे बोलणं त्या कागदावरून सुरू करा. आणि ते बोलताना पेशंटला खोलीबाहेर बसवू नका.